तारनियंत्रित झुंज विमानांची एंजिन-जुळणी (कोकण)

दोन पोलादी तारांनी वैमानिकाच्या मुठीशी जोडलेली प्रतिकृती-विमाने एकाच वर्तुळात फिरत एकमेकांच्या शेपटाची कागदी फीत पंख्याने कापतात. त्या खेळातील एंजिनांत इंधन-हवेच्या मिश्रणाची मात्रा बसवण्याची ही रीत. आंतरराष्ट्रीय ‘एफ-२-डी’ वर्गात एंजिन २.५ घ. सेंमी.पर्यंतचे व तारेची लांबी १५.९२ मी. असते, एक फेरी त्यामुळे १०० मी. भरते.

तारनियंत्रणाचे जनकत्व वादग्रस्त आहे. जुने संदर्भ ते अमेरिकेतील जिम वॉकर यांना देतात. त्यांचे ‘फायरबॉल’ विमान १९४० च्या सुमारास बाजारात आले आणि १९४२ मध्ये त्यांना एकस्व (पेटंट) मिळाले. परंतु ऑरेगन राज्यातीलच ओबा सेंट क्लेअर यांनी १९३७ च्या सुमारास असे विमान उडवल्याचे पुढे एकस्वाच्या खटल्यात मांडले गेले आणि १९५५ मध्ये वॉकर यांचा दावा टिकला नाही. टेक्ससमधील स्टॅन्झेल बंधूंची पद्धत साधारण त्याच काळातील, पण तिची रचना निराळी. कल्पनेचा मान सेंट क्लेअर यांना व प्रसाराचे श्रेय वॉकर यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. रे आर्डेन यांचा ग्लो प्लग (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा) १९४७ च्या सुमारास आला; कॉइल व बॅटरीचे ओझे उतरले.

ग्लो एंजिनात ठिणगी नसते. प्लगच्या प्लॅटिनमयुक्त तारेवर इंधनातील मिथेनॉलची उत्प्रेरकी क्रिया होऊन तार लाल राहते. प्रज्वलनाची वेळ त्यामुळे थेट बदलता येत नाही. ती सिलिंडरातील दाब, प्लगची उष्णता व इंधनातील नायट्रोमिथेनचे प्रमाण यांतून सरकते. नायट्रो वाढवला की हेडखाली (सिलिंडरच्या झाकणाखाली) पातळ शिम, म्हणजे धातूची चकती, घालून दाब उतरवतात. इंधन रबरी फुग्यातून दाबाने येते (त्यासाठी तान्ह्या मुलाच्या चोखणीचे बोंडही चालते), म्हणून कोलांटीतही मिश्रण फारसे बदलत नाही. हवेत पंख्यावरचा भार हलका होतो, म्हणून जमिनीवर सुई (इंधनाचा प्रवाह कमी-जास्त करणारा स्क्रू) किंचित रिच, म्हणजे इंधन जास्त, ठेवतात. इंधनाची नळी क्षणभर चिमटीत धरावी: आवाज आधी चढून मग पडला तर मिश्रण रिच, न चढताच एंजिन गुदमरले तर लीन (इंधन कमी).

सुईचे आटे मोजून लिहिलेले कोष्टक कोकणात फारसे कामाचे नाही. पुण्याची उंची सुमारे ५६० मी.; तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण ६ टक्के कमी. घाटावर जुळवलेले एंजिन रत्नागिरीत लीन चालते, सुई उघडावी लागते. दमटपणा नेमका उलट ओढतो: ३०° से. तापमानाला ८० टक्के आर्द्रतेत हवेचा सुमारे ३ टक्के भाग वाफच असते आणि तेवढा प्राणवायू घटतो. पहाटेच्या मतलई (जमिनीवरून येणाऱ्या) वाऱ्यात बसवलेली सुई दुपारी समुद्रावरचा खारा वारा सुटल्यावर पुन्हा पाहावी. कानावर भिस्त ठेवणे बरे.

जागा म्हणजे कातळसडा, कापणीनंतरचे भातखाचर किंवा ओहोटीची पुळण; विजेच्या तारांपासून दूर. सड्यावरची जांभ्याची धूळ आणि पुळणीची रेती दोन्ही लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) ओरखडतात. मिथेनॉल पाणी शोषते, म्हणून पावसाळ्यात अर्धा रिकामा डबा न ठेवता लहान बाटल्या काठोकाठ भरतात. मिथेनॉल विषारी असते. उड्डाणानंतर आतले इंधन जाळून बेअरिंगमध्ये तेल सोडले नाही, तर खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो.

डिझेल प्रकारात (इंधन मिथेनॉलऐवजी ईथर, रॉकेल व एरंडेल यांचे) पाणी शोषण्याची ही कटकट कमी. मात्र त्यातील ईथर ३४.६° से.ला उकळते, मे महिन्यात बुचाशी ढिली राहिलेली बाटली संध्याकाळपर्यंत निव्वळ रॉकेल आणि एरंडेल उरते.