ब्रुसेल्सचे अधिकारी कायदे करतात का?

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून येतोच: ‘युरोपियन युनियनचे कायदे ब्रुसेल्समधले अधिकारी करतात, सरकारं नुसती मान डोलावतात.’

कायद्याचा मसुदा युरोपियन आयोगाचे, म्हणजे युनियनचा कारभार पाहणाऱ्या ब्रुसेल्समधल्या संस्थेचे, अधिकारी लिहितात, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण मंजुरी लागते ती सदस्य देशांच्या मंत्र्यांची आणि बहुतेक विषयांत थेट निवडून आलेल्या युरोपियन संसदेचीही. मंत्र्यांच्या परिषदेत सहसा २७ पैकी किमान १५ देश हवेत, आणि त्यांची लोकसंख्या एकूण लोकसंख्येच्या ६५ टक्के तरी. करांच्या बाबतीत मात्र एकमत लागतं. चिमुकल्या माल्टाने नाही म्हटलं तरी प्रस्ताव अडतो! बारीकसारीक तांत्रिक नियम आयोग करतो, तेही कायद्याने दिलेल्या अधिकारातच.

खात्री करायचीय? परिषदेच्या वेबसाइटवर मतदानाचे निकाल देशवार दिसतात: बाजूने, विरोधात, तटस्थ. कुठलाही एक कायदा उघडून बघा.