पाचवीत नापास होणं आणि पाचवीतच राहणं

एप्रिल उजाडला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन वाक्यं हमखास येतात. एक म्हणजे, "आठवीपर्यंत कुणालाच नापास करत नाहीत, निवांत राहा." दुसरं, "आता पाचवीला नापास केलं की वर्ष गेलंच." पहिलं वाक्य जुन्या नियमाचं आहे. दुसरं अर्धाच नियम वाचून केलेलं आहे आणि त्याचा त्रास जास्त होतो, कारण त्या भीतीपोटी दहा वर्षांच्या मुलांची झोप उडते.

चौथीपर्यंतची पद्धत बहुतेकांना पाठ आहे. आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं) मूल्यमापन, प्रगतिपत्रकावर श्रेणी, आणि जूनमध्ये वरचा वर्ग. शिक्षण हक्क कायदा 2010 मध्ये लागू झाला तेव्हा त्याच्या कलम 16 मध्ये कुठल्याही मुलाला मागच्या वर्गात ठेवायचं नाही असं होतं, आणि ते आठवीपर्यंत लागू होतं. 2019 मध्ये हे कलम बदललं. त्यानुसार महाराष्ट्राने 2023 मध्ये नियम काढले आणि 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वर्षाच्या शेवटी वार्षिक परीक्षा आली. इतर वर्गांचं आहे तसंच चालू आहे.

पाचवीत बाकी जे नवं असतं त्याचा फार बाऊ करू नये. मराठी माध्यमात हिंदी हा विषय आजवर पाचवीपासून येत आला आहे. चौथीपर्यंतच्या शाळेतून आलेल्या मुलांना शाळा नवी, वर्ग मोठा, प्रत्येक तासाला वेगळे शिक्षक. दिवाळीपर्यंत मुलं रुळतात. नवोदय या सरकारी निवासी शाळेची प्रवेश परीक्षा पाचवीत देता येते, पण ती ऐच्छिक आहे. तिथे निवड झाली नाही म्हणून कुणी पाचवीत अडकत नाही. वार्षिक परीक्षा मात्र प्रत्येकाला आहे.

आता खरा घोळ. वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण होणं ही एक गोष्ट आणि पाचवीतच ठेवलं जाणं ही दुसरी. या दोन्हींच्या मध्ये जवळपास दोन महिने आहेत, आणि त्या दोन महिन्यांत काय होतं हे बहुतेक घरांत कुणी विचारतच नाही.

एक निकाल समोर ठेवून बघू. प्रत्येक विषय 50 गुणांचा, त्यात 10 तोंडी किंवा प्रात्यक्षिक आणि 40 लेखी. उत्तीर्ण व्हायला 35 टक्के, म्हणजे 18 गुण. एखाद्या मुलीला मराठीत 34, इंग्रजीत 20, हिंदीत 11, गणितात 29 आणि परिसर अभ्यासात 26 मिळाले. बेरीज केली तर निम्म्याच्या जरा खाली, म्हणून घरचे म्हणतात, "एवढे गुण असून नापास कशी?" कारण बेरीज इथे कामाची नाही, प्रत्येक विषयात वेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. थोडक्यात राहिलेल्यांना सवलतीचे गुण मिळतात, पण 11 वरून 18 हे अंतर त्यात बसत नाही. तेव्हा ही मुलगी एप्रिलच्या परीक्षेत हिंदीत अनुत्तीर्ण आहे. ती पाचवीत राहिली का? नाही. तसा निर्णय अजून झालेलाच नाही.

कायद्यानुसार तिला आधी जादा मार्गदर्शन द्यायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची. आपल्याकडे निकाल 1 मेच्या आसपास लागतो आणि पुनर्परीक्षा जूनमध्ये होते. तिला फक्त हिंदीचा पेपर द्यायचा आहे, पाचही विषयांचा नाही. त्यात ती उत्तीर्ण झाली की सहावीत बसली, वर्ष वाया जात नाही. पुनर्परीक्षेतही राहिली तरच तिला पाचवीत ठेवता येतं.

म्हणून मे महिन्यात "आमचा नापास झाला" असं शेजारीपाजारी सांगत फिरणाऱ्या पालकांचा मला मनापासून राग येतो. मूल ते ऐकतं, आणि जूनचा पेपर द्यायच्या आधीच हरतं. याहून वाईट म्हणजे निकालाच्या दिवशी चिडून शाळा सोडल्याचा दाखला काढणं. शाळेने जादा तास घ्यायचे, पुनर्परीक्षा घ्यायची, आणि नेमकं त्याच वेळी मुलाचं नाव शाळेतून कमी झालेलं. सुट्टीत मुलांना मामाकडे पाठवायला माझी हरकत नाही, पण अशा मुलाला गावी पाठवायच्या आधी शाळेत जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या विषयाची पुनर्परीक्षा, कोणत्या तारखेला, आणि जादा तास कधी. तारीख तोंडी सांगितली तर वहीत लिहून घ्यावी. पहिली उत्तरपत्रिकाही बघायला मागावी. लेखीच्या 40 पैकी गुण कुठे गेले ते कळल्याशिवाय जादा अभ्यास कशाचा करायचा? हिंदीत बऱ्याच मुलांचं वाचन ठीक असतं आणि लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ, मात्रा मराठीच्या वळणाने जातात. त्यावर रोज पाऊण तास पुरतो. पाचही विषयांचा महागडा उन्हाळी क्लास लावून त्या मुलीचं काहीच भलं होत नाही.

समजा पुनर्परीक्षेतही जमलं नाही आणि मूल पाचवीतच राहिलं. इथे तिसरी एक गोष्ट लोक यात मिसळतात, ती म्हणजे शाळेतून काढून टाकणं. कायदा बदलला तेव्हाही हे वाक्य तसंच राहिलं आहे: प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. त्याच शाळेत, पाचवीच्या वर्गात त्याची जागा आहे. कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करायला किंवा मानसिक त्रास द्यायला मनाई आहे. "तू मागचा आहेस" म्हणून वर्गात उभं करणं मला तरी त्यातच मोडणारं वाटतं, आणि पालकांनी ते मुकाट्याने सोसू नये.

आणि कुणी ऑफिसात बोलावून "आमचा निकाल खराब होतो, दाखला घेऊन जा" असं सुचवलं, तर दाखल्याच्या अर्जावर सही करू नका. हे म्हणणं लेखी द्या म्हणावं. लेखी मिळालं तर तो कागद घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं, शहरात असाल तर महापालिकेच्या शिक्षण विभागात. लेखी दिलं नाही, तरी मूल 15 जूनला त्याच शाळेत जाऊन बसतं, आणि विदर्भात शाळा जेव्हा उघडतील तेव्हा.