शँटी

शँटी : युरोप-अमेरिकेच्या शिडांच्या व्यापारी जहाजांवर खलाशी काम करताना म्हणत ती समूहगीते. ती एकोणिसाव्या शतकात, विशेषतः त्याच्या मध्यास, भरात होती.

ओले, जड शीड वर चढवायचे तर सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागावा लागे. शँटीमॅन, म्हणजे गाण्याचा म्होरक्या, एक ओळ म्हणे, बाकीचे पालुपद धरत आणि त्यातल्या ठरलेल्या शब्दांवर दोराला हिसका देत. पुढची ओळ चालू असताना दम घ्यायचा. नांगर उचलताना मात्र कॅपस्टन या उभ्या रहाटाभोवती फिरत दांडे ढकलत राहावे लागे. त्यामुळे त्या शँट्यांची लय चालीची आणि पालुपदे लांब. जहाजाच्या तळातले पाणी पंपाने उपसतानाही गाणे असेच. काम संपेपर्यंत ते पुरले पाहिजे, म्हणून शँटीमॅन आयत्या वेळी कडवी जोडी. निकृष्ट जेवण, अधिकाऱ्यांची अरेरावी अशी एरवी तोंडावर बोलता न येणारी गाऱ्हाणी त्यांत बिनदिक्कत येत. ब्रिटिश नौदलात कामाच्या वेळी गाण्यास मनाई असे. व्यापारी जहाजांवर माणसे मोजकीच ठेवत, तिथे चांगल्या गाण्याची किंमत दहा माणसांइतकी धरली जाई.

आयरिश-इंग्रजी लोकगीतांइतकाच शँटीचा उगम कृष्णवर्णीय श्रमिकांच्या गाण्यांत आहे. मोबील, न्यू ऑर्लिन्स या अमेरिकी बंदरांत कापसाच्या गासड्या जहाजात ठासून भरणारे कामगार सवाल-जवाबाच्या धाटणीने गात, आणि हिवाळ्यात त्यांच्या जोडीने राबणाऱ्या गोऱ्या खलाशांनी ती गाणी समुद्रावर नेली. हे ऋण मोकळेपणाने मान्य करायला हवे.

वाफेच्या जहाजांनी दोर खेचणारे हातच अनावश्यक केले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर शिडांचा व्यापार आणखी आक्रसला. तरी गाणी वाचली. लोकगीतांचे संग्राहक सेसिल शार्प यांनी १९१४ मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेटमधील वॉचेटच्या जॉन शॉर्ट या वृद्ध खलाशाकडून पन्नासहून अधिक शँट्या टिपून घेतल्या. १९२९ मध्ये फुटलेल्या ‘गार्थपूल’ जहाजावर काम केलेल्या स्टॅन ह्यूगिल यांचा मोठा संग्रह १९६१ मध्ये आला.

पालुपदाला तालमीचा गळा लागत नाही. ते बनलेच होते दमलेल्या, बेसूर माणसांसाठी. २०२१ च्या आरंभी, टाळेबंदीच्या दिवसांत, नेथन इव्हान्स या स्कॉटिश पोस्टमनने टिकटॉकवर म्हटलेले ‘वेलरमन’ जगभर पसरले ते याच बळावर. ते न्यूझीलंडमधील देवमाशांच्या शिकारीवरचे कथागीत आहे, काटेकोर अर्थाने शँटी नव्हे. पण घरोघरी अडकलेल्या अनोळखी लोकांनी इव्हान्सच्या आवाजावर आपापला आवाज चढवला, आणि मार्चमध्ये ते ब्रिटनच्या गीतयादीत पहिल्या क्रमांकावर पोचले.