नेट बंद केलं की जीपीएसही बंद पडतं का?

‘जीपीएस चालू ठेवलं की उपग्रहाला आपला पत्ता कळतो, नेट बंद करा, मग तेही बंद’, हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. वाटणं साहजिक आहे, कारण नकाशा आणि नेट आपण नेहमी सोबतच वापरतो.

खरं तर जीपीएसचे उपग्रह रेडिओसारखे आहेत. सुमारे 20,200 किलोमीटरवरून ते फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतात. आकाशवाणीला जसं कळत नाही की नागपुरात बर्डीवर कोण रेडिओ ऐकतंय, तसंच हे. संदेश पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किमान चार उपग्रहांच्या संदेशांना लागलेला वेळ ताडून फोन स्वतःच आपली जागा काढतो. उलट काही पाठवत नाही. पाठवतात ती ॲप, आणि तीही नेटवरून. तेव्हा काळजी करायचीच तर लोकेशनची परवानगी कोणत्या ॲपला दिली आहे, ते सेटिंगमध्ये बघा.

पडताळायचं? घरीच नागपूरचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. मग एअरप्लेन मोड लावा, वायफाय बंद, लोकेशन चालू. आता कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून बर्डीहून फुटाळ्याला जा. बहुतेक फोनमध्ये निळा ठिपका सोबत सरकताना दिसेल. सुरुवातीला मिनिटभर अडेल, कारण नेट असताना उपग्रहांची माहिती पटकन मिळते, एरवी ती थेट उपग्रहाकडूनच हळूहळू घ्यावी लागते. प्रयोग मोकळ्या आकाशाखाली करा. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये नको.