आज त्याला खटला समजतोय का?

समजा, कोल्हापूरच्या कळंबा कारागृहातल्या एका तरुण आरोपीची खात्री झाली आहे की त्याचा वकीलच पोलिसांना सामील आहे. वकील भेटायला आला की तो तोंड फिरवून बसतो. पुरावा त्याच्या बाजूचा असेलही, पण तो वकिलाला सांगणार कोण? अशा माणसावर खटला चालवला तर तो समोर उभा असूनही खटला एकतर्फीच ठरतो. म्हणून फौजदारी खटला कसा चालवायचा हे ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे ३६७ आणि ३६८ न्यायालयाला आधी थांबून त्याची तपासणी करायला लावतात.

‘वेडाचं सोंग घेऊन सुटला’ असं आपण सहज म्हणतो, पण इथे कुणी आजाराच्या नावावर सुटत नाही. गुन्हा करताना आरोपीला आपण काय करतोय हे कळत होतं का, हा प्रश्न वेगळा. तो गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये येतो. इथला प्रश्न आजचा आहे: त्याला स्वतःचा बचाव करता येईल का? नसेल, तर खटला थांबतो, आरोप कायम राहतो.

नुसत्या निदानावरून याचं उत्तर मिळत नाही. स्किझोफ्रेनिया (भ्रम आणि भास होणारा गंभीर मनोविकार) असलेल्या अनेकांना औषधं नियमित चालू असताना आपला खटला नीट समजतो. आरोप काय, न्यायाधीशांचं काम काय, गुन्हा कबूल केला तर पुढे काय होईल, हे त्याला कळतं का आणि त्या दिवसाची हकीकत सलग सांगता येते का, हे डॉक्टर तपासतात. साक्षीदार बोलत असताना त्याचं वाक्य डोक्यात धरून ‘हे खोटं आहे’ असं वकिलाला सांगायचं तर लक्ष आणि तात्पुरती स्मृती शाबूत हवी. तीव्र मनोविकारात आणि स्मृतिभ्रंशात नेमकं तेच ढासळतं. सोंग ओळखायला एक मुलाखत पुरत नाही. वॉर्डातले कर्मचारी झोप, जेवण, बोलणं यांच्या नोंदी ठेवतात. डॉक्टरांसमोरचं सोंग पहाटे तीन वाजताही टिकवणं फार अवघड असतं.

दाखल करावं लागलं तर कोल्हापूरला जवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीचं, आंबा घाटापलीकडे. पण प्रत्येकाला दाखल करावंच लागतं असं नाही. बाह्यरुग्ण उपचार पुरणार असतील आणि नातेवाइकाने जबाबदारी घेतली तर जामीन मिळू शकतो. शिवाय प्रथमदर्शनी पुरावाच नसेल तर खटला तहकूब न ठेवता आरोपीला सोडून द्यायचं असतं. ही तरतूद फार मोलाची आहे, आणि तिची आठवण फार थोड्यांना असते.

मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा प्रभाव कमी करणाऱ्या औषधांनी अनेकांचे भ्रम काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. बौद्धिक अक्षमतेवर मात्र असं औषध नाही. माझ्या मते या व्यवस्थेचा सगळ्यात कच्चा दुवा बरं झाल्यानंतरचा आहे: बरा झालेला माणूस बरा झालाय, हे न्यायालयाला कळवणार कोण? आसाममधल्या मचांग लालुंग यांना १९५१ साली अटक झाली आणि पुढे तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवलं गेलं. १९६७ मध्ये डॉक्टरांनी ते ठीक असल्याचं लिहून दिलं, तरी त्यांची सुटका झाली ती २००५ साली.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७० नुसार आरोपी बरा झाल्यावर खटला केव्हाही पुन्हा सुरू करता येतो. त्यासाठी नातेवाइकांनी वाट बघत बसू नये. वकिलाकडून फेरतपासणीचा अर्ज करून घ्यावा, आणि उत्तर येईपर्यंत प्रत्येक तारखेला त्याचा पाठपुरावा करावा.