जुन्या संगणकावरील आधुनिक लिनक्स डेस्कटॉप

जुन्या संगणकावरील आधुनिक लिनक्स डेस्कटॉप : उत्पादकाने किंवा मूळ कार्यप्रणालीच्या निर्मात्याने ज्याची साथ सोडली आहे अशा संगणकावर, आजही सुरक्षा-सुधारणा मिळत असलेली लिनक्स कार्यप्रणाली बसवून तो रोजच्या कामासाठी वापरण्याची पद्धत. या व्याख्येत ‘आधुनिक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वीस वर्षांपूर्वीच्या यंत्रावर वीस वर्षांपूर्वीचेच लिनक्स चालवणे सोपे असते आणि ते बहुधा झकास चालते. पण त्यातली सुरक्षा-प्रमाणपत्रे, कूटलेखनाच्या पद्धती आणि ब्राउझर इतके मागे पडलेले असतात की आजच्या बहुतेक संकेतस्थळांशी त्याचा संवादच होऊ शकत नाही. प्रस्तुत नोंदीत जुना संगणक म्हणजे ढोबळमानाने १९९५ ते २०१० या काळातला, इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असलेला डेस्कटॉप किंवा लॅपटॉप असे धरले आहे. अशा यंत्रांकडे लक्ष वळण्याची कारणे बहुधा बाहेरून येतात : विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि दोन्ही वेळा धडधाकट यंत्रे केवळ कार्यप्रणालीअभावी अडगळीत जाऊ लागली.

‘लिनक्स कशावरही चालते’ हे विधान कर्नलपुरते, म्हणजे यंत्रसामग्री सांभाळणाऱ्या गाभ्यापुरते, जवळजवळ खरे आहे. २०१२ साली एका हौशी अभियंत्याने ८ बिटांच्या मायक्रोकंट्रोलरवर एआरएम प्रोसेसरची नक्कल चालवून तिच्यावर उबुंटू ९.०४ ही लिनक्स कार्यप्रणाली सुरू करून दाखवली; आज्ञा लिहिण्याची ओळ दिसायला सुमारे दोन तास आणि संपूर्ण प्रणाली उभी राहायला आणखी चार तास लागले. पण डेस्कटॉप ही एकसंध वस्तू नाही. कर्नल, प्रोग्रामांना मूलभूत कामे पुरवणारी सी लायब्ररी, पडद्यावर चित्र काढणारी चित्रप्रणाली, खिडक्या सांभाळणारा विंडो मॅनेजर आणि ब्राउझर हे थर वेगवेगळ्या गटांनी लिहिलेले असतात आणि कोणता प्रोसेसर कधी सोडायचा हे प्रत्येक गट आपापले ठरवतो. त्यामुळे एखादे यंत्र ‘चालते’ की नाही, हे त्यातला सर्वांत आधी साथ सोडणारा थर ठरवतो, आणि तो थर बहुतेक वेळा ब्राउझर असतो.

प्रोसेसर : लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स लिहायला घेतले, त्याच प्रोसेसरचा आधार २०१३च्या ३.८ या आवृत्तीत कर्नलमधून काढून टाकण्यात आला. व्यवहारात त्याने कोणाचे फारसे अडले नाही. खरी अडचण ३२ बिटांच्या प्रोसेसरांची झाली. एएमडीने २००३ साली ६४ बिटांचे ऑप्टेरॉन व अ‍ॅथलॉन ६४ बाजारात आणले आणि पुढल्या काही वर्षांत ३२ बिटांची यंत्रे मागे पडत गेली. लिनक्सच्या वितरणांपैकी, म्हणजे कर्नलसह बांधून दिलेल्या तयार प्रणालींपैकी, आर्च लिनक्सने २०१७ मध्ये त्यांचा आधार थांबवला (समाजाने चालवलेली आर्च लिनक्स ३२ ही शाखा त्यातूनच निघाली), उबुंटूने त्याच वर्षी ३२ बिटांची डेस्कटॉप प्रतिमा बंद केली, फेडोराने २०१९ मध्ये ३२ बिटांचा कर्नल सोडला, आणि सर्वांत शेवटपर्यंत तग धरलेल्या डेबियननेही २०२५च्या १३व्या आवृत्तीपासून अशा यंत्रांसाठी कर्नल व इन्स्टॉलर देणे थांबवले. फायरफॉक्सची १४४ ही आवृत्ती ३२ बिटांच्या लिनक्ससाठी शेवटची नेहमीची आवृत्ती ठरली; क्रोमने तर २०१६ सालीच हात वर केले होते.

याखेरीज बारीक सूचनासंचांचे, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांच्या संचांचे, काटे आहेत. अ‍ॅथलॉन एक्सपी हा आपल्या काळात पेंटियम ४शी बरोबरी करणारा प्रोसेसर. पण त्यात एसएसई-२ हा आकडेमोडीचा सूचनासंच नसल्यामुळे २०१७च्या ५३व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स त्याच्यावर सुरूच होत नाही, मग मेमरी कितीही असो. सुरुवातीच्या पेंटियम एमची गंमत याहून निराळी आहे : पीएई ही (३२ बिटांच्या प्रोसेसरला चार जीबीहून अधिक मेमरी वापरू देणारी) सोय त्याच्यात असते, पण विचारल्यावर प्रोसेसर ती असल्याचे सांगत नाही, म्हणून ती सोय मागणारा इन्स्टॉलर त्याला परत पाठवतो. कर्नल सुरू होताना त्याच्या आज्ञेत ‘फोर्सपीएई’ हा एक शब्द जोडला की तेच यंत्र निमूट चालू लागते. ६४ बिटांची यंत्रेही कायमची सुरक्षित नाहीत. रेड हॅटच्या व्यावसायिक लिनक्सच्या ९व्या आवृत्तीला ६४ बिटांच्या सूचनासंचाची किमान दुसरी पातळी लागते, ती इंटेलच्या कोअर २ ड्युओ या प्रोसेसरकडे नाही. डेबियन मात्र अजूनही मूळ ६४ बिटांच्या पातळीवरच थांबले आहे, आणि जुनी यंत्रे वापरणारे त्याच्याच घराण्यातल्या वितरणांकडे वळतात त्याचे हे एक कारण.

मेमरी व डिस्क : एखादे यंत्र ‘हळू’ आहे अशी तक्रार असते तेव्हा दोष प्रोसेसरचा कमी आणि मेमरीचा व डिस्कचा जास्त असतो. एक जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर हलका डेस्कटॉप सुरू होऊन स्थिरावतो तेव्हा साधारण दोनशे ते तीनशे एमबी खर्च झालेली असते. म्हणजे जागा भरपूर दिसते. मग ब्राउझरमध्ये एखादे वजनदार पान उघडले की ते एकटेच काहीशे एमबी मागते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या टॅबला कर्नल मेमरीतली पाने (चार केबींचे तुकडे) डिस्कवरच्या स्वॅप या राखीव जागेत ढकलू लागतो. डिस्कचा दिवा पेटून राहतो, माउसचा बाण अडखळत सरकतो, दाबलेली कळ अर्ध्या मिनिटाने पडद्यावर उमटते. कारण साध्या गणिताचे आहे : फिरत्या हार्डडिस्कला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊन वाचायला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला शंभर फेऱ्या, दर फेरीत चार केबीचे एक पान आणले तर सेकंदाला जेमतेम चारशे केबी हाती येतात. शेकडो एमबींची देवघेव या वाटेने करायची म्हटली तर यंत्र गोठल्यासारखे वाटणारच.

यावरचा सर्वांत परिणामकारक आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे झेडरॅम. २०१४च्या ३.१४ या कर्नलपासून तो अधिकृत भाग आहे. त्यात स्वॅप डिस्कवर न ठेवता रॅममध्येच दाबून ठेवले जाते. नेहमीच्या वापरातली पाने दाबल्यावर निम्मी किंवा एक-तृतीयांश होतात, आणि अगदी मंद प्रोसेसरलाही ती उलगडणे हार्डडिस्कवरून आणण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. २०२२च्या ६.१ या कर्नलमध्ये कोणती पाने बाहेर काढायची हे ठरवणारी नवी पद्धत आली, तिचाही कमी मेमरीच्या यंत्रांना फायदा होतो. म्हणजे जुन्या यंत्राला नवा कर्नल जड पडतो हा समज सरसकट खरा नाही. रॅम वाढवता आली तर प्रश्नच मिटतो, पण त्याला चिपसेटची (प्रोसेसर व मेमरी यांना जोडणाऱ्या चिपांची) मर्यादा असते. इंटेल ९४५ चिपसेटच्या लॅपटॉपमध्ये ६४ बिटांचा कोअर २ ड्युओ आणि चार जीबी रॅम बसवली तरी प्रत्यक्षात सव्वातीन जीबीच्या आसपासच वापरता येते, आणि ६४ बिटांची कार्यप्रणाली घातल्यानेही त्यात फरक पडत नाही. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा खर्चाच्या मानाने दुसरा मोठा लाभ. साटा जोडणी असेल तर काम सरळ आहे, जुनी आयडीई जोडणी असेल तर अ‍ॅडॅप्टर घालून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड किंवा एमसाटा एसएसडी जोडतात.

डेस्कटॉपची निवड : या विषयावर जितका वाद घातला जातो तितके त्याचे वजन नाही, कारण हलक्या डेस्कटॉपमुळे वाचलेली दोन-तीनशे एमबी ब्राउझरचा एक टॅब गिळून टाकतो. तरीही अर्धा जीबी रॅमच्या यंत्रात ती बचत निर्णायक ठरते. १९९६ पासून विकसित होत असलेला एक्सएफसीई मध्यम वजनाचा असून त्यातली खिडक्यांची सावली-पारदर्शकता बंद करता येते. एलएक्सडीई आणि त्याचा वारसदार एलएक्सक्यूटी त्याहून हलके. आइसडब्ल्यूएम, फ्लक्सबॉक्स व जेडब्ल्यूएम हे केवळ विंडो मॅनेजर सर्वांत किफायती. ग्नोम ३च्या बदलाला कंटाळून २०११ मध्ये निघालेला माते आणि केडीई ३.५चा धागा पुढे चालवणारा ट्रिनिटी यांना जुन्या सवयींचा वापरकर्ता लाभला आहे. वितरणांपैकी डेबियनवर आधारलेले अँटिएक्स, बॅरी काउलर यांनी २००३ साली सुरू केलेले व सगळी प्रणाली रॅममध्ये उचलून चालणारे पपी, आणि काही एमबींमध्ये मावणारे टायनी कोअर ही नावे नेहमी येतात. डॅम स्मॉल लिनक्स एके काळी ५० एमबीत बसत असे. २०२४ साली ते पुन्हा अवतरले तेव्हा त्याचे लक्ष्य सातशे एमबींच्या एका सीडीत मावण्याचे होते.

आसूसने २००७ साली आणलेल्या ईई पीसी ७०१चा पडदा ८०० × ४८० बिंदूंचा होता. आजच्या कित्येक प्रोग्रामांच्या खिडक्या त्याहून उंच असल्याने ‘ठीक आहे’चे बटण पडद्याच्या खाली लपते, ऑल्टची कळ दाबून धरत माउसने खिडकी वर ओढली की ते सापडते. ही युक्ती माहीत नसल्याने इन्स्टॉलरच्या पहिल्याच पायरीवर अडकलेले वापरकर्ते थोडे नाहीत.

चित्रप्रणाली, फर्मवेअर आणि इतर अडसर : २०२२ मध्ये मेसा या चित्रप्रणालीने फार जुने ड्रायव्हर मुख्य शाखेतून काढून ‘अंबर’ नावाच्या वेगळ्या शाखेत ठेवले. इंटेलच्या मधल्या पिढ्यांसाठी मात्र त्याच सुमारास क्रोकस हा नवा ड्रायव्हर आला, त्यामुळे २००६ ते २०१३ दरम्यानचे इंटेल ग्राफिक्स आज आधीपेक्षा बऱ्या अवस्थेत आहे. अ‍ॅटम नेटबुकांमधले जीएमए ५०० हे त्याला कुप्रसिद्ध अपवाद; त्याचा गाभा इंटेलचा नसून पॉवरव्हीआरचा असल्याने लिनक्सवर त्याला धड त्वरण (चित्र काढण्याचे काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपने करणे) कधी मिळालेच नाही. व्हिडिओच्या बाबतीत अडचण अशी की मोठी संकेतस्थळे व्हीपी९ किंवा एव्ही१ स्वरूपात चित्रफीत पाठवतात, आणि जुनी चिप फार तर एच.२६४ उलगडू शकते. एच.२६४चाच आग्रह धरणारे ब्राउझर-विस्तार वापरले, किंवा चित्रफीत ब्राउझरबाहेर एमपीव्हीसारख्या प्लेअरमध्ये उघडली, तर कोअर २ ड्युओवर ७२० ओळींचे चित्र सुरळीत दिसते.

काही जुन्या ब्रॉडकॉम वाय-फाय चिपांना वेगळे फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा प्रोग्राम) लागते. ते आणायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ते हवे, अशी कोंडी होत असे. डेबियनने २०२३च्या १२व्या आवृत्तीपासून मुक्त नसलेले फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच दिल्याने बराच त्रास वाचला, तरी सगळ्याच चिपांचे फर्मवेअर त्यात नाही. दुसरी नेहमीची फसगत मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ बॅटरीची. ती संपली की घड्याळ दर वेळी मागल्या एखाद्या वर्षात जाते, ब्राउझरला प्रत्येक संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ‘अजून वैध झालेले नाही’ असे वाटते, आणि वापरकर्ता लिनक्सलाच दोष देत बसतो. नाण्याएवढी बॅटरी बदलणे एवढाच त्यावर इलाज आहे.

सुरक्षा व विजेचा खर्च : जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन व स्पेक्टर या, एका प्रोग्रामला दुसऱ्याची मेमरी वाचू देणाऱ्या, प्रोसेसरमधल्या दोषांवरचे उपाय जुन्या इंटेल प्रोसेसरांना विशेष महाग पडतात, कारण या उपायांची किंमत कमी करणारी पीसीआयडी ही सोय त्या प्रोसेसरांत नसते. ‘मिटिगेशन्स=ऑफ’ लिहून हे उपाय बंद करता येतात; पण ज्या यंत्रावर ब्राउझर चालतो तिथे ते करू नये, आणि जिथे चालत नाही तिथे वेगाची एवढी निकडही नसते. डिस्क कूटबद्ध करायची तर एईएस या कूटलेखनाच्या पद्धतीसाठी खास सूचना नसलेल्या प्रोसेसरवर अ‍ॅडिअँटम ही हलकी पद्धत उपयोगी पडते. विजेचा हिशेब यंत्रागणिक बदलतो. लॅपटॉपमुळे होणाऱ्या एकूण कर्ब-उत्सर्जनाचा मोठा वाटा त्याच्या निर्मितीतच असतो, म्हणून तो अधिक वर्षे वापरणे योग्यच ठरते. याउलट २००४च्या प्रेस्कॉट पेंटियम ४चे नुसत्या प्रोसेसरचेच औष्णिक मान ८४ ते ११५ वॉट आहे, आणि असा डेस्कटॉप दिवसरात्र चालू ठेवण्याचे समर्थन करणे कठीण आहे.

३२ बिटांच्या यंत्रांपुढे आणखी एक मर्यादा आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या प्रोग्रामांचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनंतर मागे उलटते. डेबियनने १३व्या आवृत्तीत इतर ३२ बिटांच्या प्रोसेसरांसाठी वेळेचे माप ६४ बिटांचे केले, पण जुन्या पीसींच्या आय३८६ शाखेत, आधीचे तयार प्रोग्राम चालत राहावेत म्हणून, ते मुद्दाम ३२ बिटांचेच ठेवले आहे.