क्विक रिलीज स्क्यूअर

सायकलचे चाक पान्याशिवाय काढता-बसवता यावे, यासाठी हबच्या (चाकाच्या मध्यभागाच्या) पोकळ एक्सलमधून आरपार घातलेली धातूची बारीक दांडी. तिच्या एका टोकाला कॅमवर (विकेंद्री चकतीवर) फिरणारी लिव्हर असते आणि दुसऱ्या टोकाला हाताने फिरवायचा नट.

रचना : दांडीचा व्यास सुमारे ५ मिमी. असतो. पुढचा एक्सल ९ मिमी. आणि मागचा १० मिमी. व्यासाचा असतो. हबची रुंदी पुढे १०० मिमी., मागे रोड सायकलींना १३० व माउंटन सायकलींना बहुधा १३५ मिमी. असते. लिव्हर अर्धा फेरा उलटवली की विकेंद्री कॅम दांडीला बाहेर खेचतो. दांडी ताणली जाते आणि तिच्या दोन्ही टोकांचे दातेरी पृष्ठभाग फोर्कच्या (मागे फ्रेमच्या) खाचा असलेल्या पट्ट्या एक्सलच्या लॉकनटांवर दाबून धरतात. स्वाराचा भार एक्सलवर येतो. दांडीचे काम ताण धरून ठेवण्याचे. कॅम न उलटवता लिव्हरच नटासारखी फिरवून आवळली, तर हा ताण येतच नाही आणि चाक सैल राहते. दोन्ही बाजूंच्या शंकूच्या आकाराच्या स्प्रिंगा दांडी मध्यावर ठेवण्यापुरत्या असतात. त्यांचे निमुळते टोक हबकडे यावे लागते.

उगम : या युक्तीचे श्रेय व्हिचेंझाचे (इटली) सायकलपटू व पुढे कारखानदार झालेले तुल्लिओ काम्पान्योलो यांना देण्याचा प्रघात आहे. प्रचलित कथेनुसार ११ नोव्हेंबर १९२७ रोजी एका शर्यतीत क्रोचे दाउने या खिंडीत थंडीने त्यांची बोटे बधिर झाली, मागच्या चाकाचे विंग नट (हाताने फिरवायचे पंखांचे नट) सुटले नाहीत आणि त्यांची संधी गेली. कथेची तांत्रिक पार्श्वभूमी खरी आहे. त्या काळी मागच्या हबच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रे असत. चढ आला की स्वार उतरून चाक काढी, उलटे बसवी आणि पुन्हा निघे. चाक सोडवण्याच्या वेळावर शर्यत हरली किंवा जिंकली जाई. तूर द फ्रान्समध्ये डिरेलरला (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअर यंत्रणेला) १९३७ मध्ये परवानगी मिळेपर्यंत ही निकड टिकून होती.

कथेच्या तपशिलाबाबत मात्र मतभेद आहेत. जुन्या संदर्भग्रंथांत १९३० चे पेटंट निःशंकपणे नोंदवलेले आढळते. अलीकडच्या सायकल-इतिहासकारांना त्या वर्षीच्या अशा पेटंटाचा आधार सापडलेला नाही. खिंडीतला प्रसंगही नंतरच्या काळात, कंपनीची कीर्ती वाढल्यावर, आजच्या रूपात स्थिरावला असावा. काम्पान्योलो कंपनीची स्थापना १९३३ ची मानतात. तेव्हा १९३० च्या दशकात ही यंत्रणा शर्यतींच्या सायकलींवर रूढ झाली, इतके म्हणणे अधिक सुरक्षित ठरते. १९४० च्या दशकातल्या त्यांच्या ‘काम्बिओ कोर्सा’ या गिअर यंत्रणेत स्वार चालत्या सायकलवरून लिव्हरने मागचे चाक सैल करी, दुसऱ्या लिव्हरने साखळी हलवी आणि चाक पुन्हा आवळी. क्विक रिलीज आणि गिअर यांचा जन्माचा संबंध या यंत्रणेत जितका स्पष्ट दिसतो तितका खिंडीच्या कथेत दिसत नाही.

धातू : दांडीसाठी पोलाद, टायटॅनियम आणि क्वचित अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू वापरतात. निवड करताना वजनाची चर्चा फार होते. निर्णायक गुण ताठपणा आहे. पोलादाचा यंग गुणांक (ताठपणाचे माप) सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूचा (६% अ‍ॅल्युमिनियम, ४% व्हॅनेडियम) सुमारे ११४ आणि अ‍ॅल्युमिनियमचा सुमारे ७० आहे. ५ मिमी. जाडीच्या, ११० मिमी. लांबीच्या दांडीवर ५,००० न्यूटन ताण धरला तर पोलाद ०.१४ मिमी., टायटॅनियम ०.२५ मिमी. आणि अ‍ॅल्युमिनियम ०.४० मिमी. लांबते. कॅमची चाल ठरावीक असल्याने जी दांडी जास्त लांबते तिच्यात त्याच चालीत ताण कमी निर्माण होतो. टायटॅनियम तुटेल ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. त्याची पकड कमी पडणे ही खरी अडचण आहे.

पकड किती लागते याचा अंदाज साखळीच्या ओढीवरून येतो. ७० किलोंचा स्वार १७० मिमी. क्रँकच्या पेडलवर पूर्ण भाराने उभा राहिला आणि पुढे ४२ दातांचे चक्र असले, तर साखळी मागच्या चाकाला सुमारे १,४०० न्यूटनांनी पुढे ओढते. जुन्या सायकलींच्या फ्रेमना आडव्या खाचा असत. तेथे चाक जागेवर ठेवणारे फक्त घर्षण असल्याने दातेरी पृष्ठभागही पोलादाचेच लागतात. उभ्या खाचांच्या फ्रेमना इतकी सक्ती नाही.

कॅम झाकलेला असावा की उघडा, हाही धातूइतकाच महत्त्वाचा मुद्दा आहे. जुन्या पद्धतीत पोलादी कॅम पोलादी कवचात, तेलात फिरतो. १९८० च्या दशकानंतर स्वस्त व हलक्या सायकलींवर उघडा कॅम आला. त्यात अ‍ॅल्युमिनियमची लिव्हर प्लास्टिकच्या वाटीवर घासते. धूळ बसली की घर्षण वाढते आणि हाताचा जोर दांडीपर्यंत पोचत नाही. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने झाकलेला कॅम व पोलादी दांडी हीच जोडी विश्वासार्ह आहे.

सीमाभागातील वापर : बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरात वैरण, दूध, गॅसची टाकी वाहणारी साधी सायकल आजही भरीव एक्सल आणि नटांवरच चालते व ते योग्यच आहे, पोकळ एक्सल एवढ्या भाराला वाकतो. क्विक रिलीज गिअरच्या सायकलींबरोबर शहरात आले. चोर्ला घाटासारख्या लांब चढावर साखळीची मोठी ओढ बराच वेळ सोसावी लागते. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात पाऊस प्रचंड पडतो. तेथे पोलादी दांडी आणि अ‍ॅल्युमिनियमचा नट ओलाव्यात एकत्र राहिल्यास विद्युत्-रासायनिक क्षरणाने आटे धरतात. पावसाळ्यापूर्वी दांडी काढून आट्यांना ग्रीस आणि कॅमला तेल देणे आवश्यक असते. ईशान्येकडे अथणी, रायबागच्या कोरड्या पट्ट्यात धूळ हा मुख्य शत्रू असून उघड्या कॅमच्या वाट्या लवकर झिजतात.

लिव्हरच्या धातूचे मूळ या भागापासून दूर नाही. राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडीचे बॉक्साइट बेळगावच्या हिंडाल्को प्रकल्पात येत असे व तेथे त्याचे अ‍ॅल्युमिना होई. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या फाउंड्रींतले करडे ओतीव लोखंड मात्र या कामाला चालत नाही, कारण ते ताणाखाली ठिसूळ असते.

डिस्क ब्रेक व थ्रू एक्सल : पुढच्या डिस्क ब्रेकचे कॅलिपर (डिस्क दाबून धरणारा भाग) फोर्कच्या मागे असते, त्यामुळे ब्रेक दाबल्यावर चाकाला खाचेतून खाली ढकलणारा जोर निर्माण होतो. हा धोका २००३ च्या सुमारास चर्चेत आला. २०१५ मध्ये ट्रेक कंपनीने पुढची लिव्हर अतिरिक्त उघडून डिस्कमध्ये अडकू शकते म्हणून सुमारे दहा लाख सायकलींचे स्क्यूअर परत मागवले. आता डिस्कच्या सायकलींवर फोर्कमध्येच आटे असलेले, १२ किंवा १५ मिमी. जाडीचे थ्रू एक्सल येतात. रिम ब्रेकच्या सायकलींसाठी जुना स्क्यूअर अजून मिळतो, तो घेताना हबची रुंदी (१००, १३० वा १३५ मिमी.) सांगावी लागते.